मी बघितलं होतं

छत्रपती संभाजीनगर
१२ जानेवारी २०२५

निशावहिनी,

अक्षर ओळखलंस तर पत्र फाडू नकोस. आधी एका प्रश्नाचं उत्तर दे, मग हवं तर फाड. सोमनाथदादाला त्या दिवशी दवाखान्यात आपण कशातून नेलं?

एवढंच विचारायचं आहे. बावीस वर्षांनी नणंदेचं पत्र यावं आणि त्यात खुशालीचा शब्दही नसावा, हे बरोबर नाही, कळतं मला. पण खुशाली विचारायला बसले की हात थांबतो. तुझा पत्ता फुलंब्रीला तुझ्या भावाच्या दुकानातून घेतला. त्यांनी मला ओळखलं नाही, मीही ओळख दिली नाही.

मला आठवतं ते असं. पाचोडचा बाजार उरकून आपण तिघं वस्तीकडे निघालो होतो. दादा सायकल हातात धरून पुढे, हँडलला दोन्हीकडे पिशव्या. तू आणि मी मागे, तुझ्या पायातली चप्पल तुटली म्हणून हसत. तुझं लग्न होऊन चौदा महिने झाले होते आणि मी परीक्षेआधी चार दिवस हॉस्टेलवरून घरी आले होते. जीप समोरून आली. काचेमागं सखाराम ड्रायव्हर. मिशी, कपाळावर घाम, गळ्यात निळा रुमाल, दोन्ही हात स्टेअरिंगवर. मग तो आवाज. जीप पुढं जाऊन बाभळीत घुसली. थोड्या वेळानं एक दुधाचा टेम्पो थांबला, त्यातून आपण दवाखान्यात गेलो. दादा वाटेतच गेला.

हेच मी कोर्टात सांगितलं. तू मात्र म्हणालीस, “गाडी कोण चालवत होतं ते मी पाहिलं नाही.” तुझ्या नवऱ्याला मारणाऱ्याचं नाव तू घेतलं नाहीस, म्हणून आपल्या घरानं तुझं तोंड बघायचं सोडलं. सखारामला दीड वर्षाची शिक्षा झाली, ती माझ्या साक्षीवर.

टेम्पोच होता ना? एका ओळीत कळव.

दीपमाला


छत्रपती संभाजीनगर
१९ जानेवारी

वहिनी,

उत्तर नाही. ठीक आहे. का विचारलं ते लपवलं मी, आता सांगते.

रेहाना आठवते? माझी हॉस्टेलमधली रूमपार्टनर, दादाच्या तेराव्याला येऊन गेली होती. तिच्या अम्मीचं घर आवरताना तिला एक अंतर्देशीय पत्र सापडलं. मीच तिला लिहिलेलं, दादा गेल्यानंतर पाचव्या दिवशी, परीक्षेला येत नाही हे कळवायला. तिनं प्रेमानं फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, “देख दीपू, तेरे हाथ का लिखा. कितना रोई थी मैं पढ़के.”

मी दुकानात होते. गुलमंडीवर चष्म्याच्या दुकानात नजर तपासते मी, सोळा वर्षं झाली. खुर्चीत पेशंट बसलेला आणि मी मोबाईल हातात धरून उभी. त्यातल्या ओळी जशाच्या तशा लिहिते:

“जीप मागून आली. मला काहीच दिसलं नाही, नुसता वारा लागला. वळून बघते तर दादा खाली. जीपमधून दोघं उतरले. एक जण शेतातून पळून गेला, त्याचं तोंड दिसलं नाही. दुसरा पळत आमच्याकडे आला, त्यानं दादाला उचललं. त्याच जीपमधून आम्ही दवाखान्यात गेलो. मी पुढं बसले होते. तो माणूस रडत गाडी चालवत होता.”

अक्षर माझं आहे. ‘दवाखान्यात’मधला ख मी अजून तसाच काढते.

दोन दिवस मी स्वतःला सांगत होते की धक्का बसलेलं माणूस काहीही लिहितं. मन ताळ्यावर आल्यावर जे आठवतं ते खरं. कोर्टात उभी राहीपर्यंत वर्ष उलटलं होतं, तोवर सगळं स्वच्छ दिसायला लागलं होतं मला. पाचव्या दिवशीपेक्षा वर्षानं जास्त स्वच्छ.

मी खोटं बोलले नव्हते. एवढं तरी मान. मी बघितलं होतं.

दीपमाला


छत्रपती संभाजीनगर
२७ जानेवारी

वहिनी,

काल सुट्टी होती. घरात सांगितलं दुकानात हिशेब आहेत, आणि पाचोडची एस.टी. धरली.

वस्ती विकून आम्ही शहरात आलो त्यानंतर त्या रस्त्यावर मी पाय ठेवला नव्हता. रस्ता आता रुंद झालाय, पण जिथं घडलं तिथल्या पुलाचा कठडा तोच. बाजाराकडे पाठ करून उभी राहिले, आपण चालत होतो तशी. जीप बाजारातून खताची पोती घेऊन निघाली होती, हे तर कोर्टातही सगळ्यांनी मान्य केलं होतं. म्हणजे तीही आपल्याच दिशेनं जात होती. समोरून यायला ती आधी आपल्याला ओलांडून पुढं जायला हवी, मग वळून परत यायला हवी. वहिनी, मी तिथं उभी राहून वेडीसारखी तीनदा मागं वळून बघितलं. गाडी मागूनच आली असणार. मागून येणाऱ्या गाडीच्या काचेतला चेहरा मला कसा दिसेल?

आणि दिसतोय तरी. आत्ता, लिहिताना, कपाळावरचा घाम दिसतोय.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी मायजवळ विषय काढला. माय आता अठ्ठ्याहत्तरची आहे, गुडघे गेलेत, बाकी ठणठणीत. म्हटलं, “माय, वहिनीला आपण घराबाहेर काढलं ते चुकलंच.”

ती म्हणाली, “काढलं कुठं? तिची तीच गेली. मी तर म्हणलं व्हतं, ऱ्हा बाई, माझी लेक म्हणून ऱ्हा.”

“माय, तू तिची बॅग ओट्यावर ठेवली होतीस. मी बघितलंय.”

“मी? देवाशपथ नाय. लई रडले मी ती गेली तवा.”

तिच्या तोंडाकडे बघत होते. ती मुद्दाम खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसंच आठवतं. तुला जवळ घेऊन रडली, शेजारच्या आवडाबाईनं पाणी आणून दिलं, सगळं बारीकसारीक सांगत होती. घडलेलंच नाही ते.

मला राग आला आणि पुढच्याच क्षणी भीती वाटली.

दीपमाला


छत्रपती संभाजीनगर
९ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. पाठ झाल्यात.

“आपण त्याच जीपमधून गेलो. टेम्पो नव्हता. आणि माझी बॅग आत्याबाईंनी बाहेर ठेवली नव्हती, तू ठेवलीस.”

चार दिवस काही लिहिता आलं नाही. बॅग तपकिरी होती, तिची चेन बिघडलेली म्हणून सुतळीनं बांधलेली. मायचे हात त्या सुतळीवर मला स्पष्ट दिसतात. मी खूप प्रयत्न केला तिथं माझे हात बघायचा. नाही दिसत. पण तू म्हणतेस तर मी मानते, कारण तुला ती बॅग उचलून एस.टी. स्टँडपर्यंत चालत जायचं होतं. ती कुणी बाहेर ठेवली हे तू कशाला विसरशील?

आता माझ्या डोक्यात ती साक्ष कशी तयार झाली ते मला जोडता येतंय. जोडता येतंय असं वाटतंय, एवढंच म्हणते.

जीपमध्ये मी पुढं बसले होते, सखारामच्या शेजारी. दवाखान्यापर्यंत मी त्याच्याकडेच बघत होते, कारण मागं तुझ्या मांडीवर दादा होता आणि तिकडे बघवत नव्हतं. घाम, रुमाल, स्टेअरिंगवरचे हात, सगळं खरं आहे. फक्त नंतरचं आहे. मग दुसऱ्या दिवसापासून जीपचे मालक आप्पासाहेब आपल्या ओट्यावर येऊन बसायला लागले. मायला म्हणायचे, “सख्या पिऊन चालवत व्हता. ह्या लोकान्ला गाडी द्यायलाच नको व्हती. मी सोडणार नाय त्याला.” रोज यायचे. त्यांचा मुलगा ऋतुराज तेव्हा वीसेक वर्षांचा असेल, तो त्यानंतर गावात दिसलाच नाही, शिकायला पुण्याला गेला म्हणाले. आपल्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. जो येईल त्याला माय ते सांगायची, मी शेजारी बसून ऐकायची, मग मायला हुंदका आला की पुढचं मी सांगायची. किती वेळा सांगितलं असेल? सांगता सांगता जीप मागून फिरून समोर आली आणि सखारामचे हात दवाखान्याच्या वाटेवरून उचलून मी धडकेच्या आधी नेऊन ठेवले. मग ज्या जीपनं मारलं तिनंच आपल्याला नेलं, हे बसेना. म्हणून टेम्पो आला.

दुकानात माणसं अक्षरांचा तक्ता पाठ करून येतात. शेवटची ओळ दिसत नसते, तरी धडाधड म्हणतात. मी तक्ता बदलते तेव्हा त्यांचा चेहरा पडतो. त्यातली निम्मी तरी फसवत नसतात, त्यांना खरंच वाटतं की दिसतंय. मी त्यांच्यावर किती वैतागत आले इतकी वर्षं.

मी सखारामला शोधलंय. सुटल्यावर त्यानं पाचोड सोडलं, देवगाव रंगारीला बायकोच्या माहेरी राहतो. जाणार आहे. तू मला थांबवावंस असं वाटतंय का, ते मला कळत नाही.

दीपमाला


छत्रपती संभाजीनगर
२४ फेब्रुवारी

वहिनी,

काल जाऊन आले. नीट लिहिते, काही गाळत नाही. आजच लिहायला हवं. थांबले तर ते बदलेल.

गावाच्या कडेला पत्र्याचं घर. दारात एक बाई मका सोलत बसलेली. ती कडूबाई, सखारामची बायको. मी म्हटलं, “सखाराम आहेत का? मी दीपमाला. पाचोडची, सोमनाथची बहीण.”

तिचे हात थांबले. “कोर्टात बोट दाखवलं ती?”

“हो.”

“बावीस वर्सं लागली व्हय तुला इथवर यायला?”

तिनं बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. आत आवाज दिला.

तो शेळ्यांना पाला टाकत होता, हात झटकत आला. मी ओळखलंच नसतं. मिशी नाही, दात गेलेले, साठीतला माणूस सत्तरीचा दिसतो. मला बघून आधी त्यानं खुर्ची पुढं केली. “बसा ताई.”

मी उभ्यानंच बोलले, नाहीतर धीर गेला असता. “मी तुम्हाला गाडी चालवताना बघितलं नव्हतं. गाडी मागून आली. मला काहीच दिसलं नव्हतं. मी कोर्टात चुकीचं सांगितलं.”

तो हळूच म्हणाला, जशी काही माझी समजूत घालतोय, “पण ताई, चालवत व्हतोच की मी.”

कडूबाई ताडकन उठली. मक्याचे दाणे सगळीकडे. “आरं काय बोलतोस तू! जेलात भेटाया आले तवा काय सांगत व्हतास? मालकाचं पोरगं हट्टानं चालवाया बसलं, मी मागं पोत्यावर व्हतो, आसं सांगत व्हतास का नाय?”

“सांगत आसंन,” तो म्हणाला. “पयली दोन-चार वर्सं सांगतच व्हतो म्या. जो भेटंल त्याला. कुणी ऐकंना. मंग सोडलं. आता डोळे मिटले की माझेच हात दिसत्यात, ताई. ष्टेरिंगवर. आन् शेजारी तुमी बसलेल्या, रडताय.”

वहिनी, तेच हात. मला दिसतात तेच त्यालाही दिसतात.

मी म्हटलं, “ते खरं आहे. पण ते नंतरचं. तुम्ही आम्हाला दवाखान्यात नेत होता तेव्हाचं.”

“आसं व्हय,” तो म्हणाला. “आसंल.”

कडूबाईनं तेवढ्यात मोबाईल आणून माझ्या हातात दिला. “आमची विशाखा हाय, वाळूजला कंपनीत. बाप जेलात गेला तवा पाच वर्साची व्हती. शाळंत पोरं हिला काय काय म्हणायची. बारावी झाली आन् गेली निघून, बापाशी धड बोलत नाय. तिला सांग. मला नको सांगू, मला ठावं हाय.”

फोन लागला. मी कोण ते सांगितलं, आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. पलीकडे मशीनचा आवाज येत होता. मग ती बाजूला गेली असावी, आवाज कमी झाला.

“मग कोर्टात का सांगितलं?”

“तेव्हा मला तसंच दिसत होतं.”

“दिसत होतं म्हणजे?”

मी रेहानाच्या पत्राचं सांगायला लागले तर ती म्हणाली, “अण्णांना द्या फोन.”

सखारामनं हात पँटला पुसले आणि फोन दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाला, “मला नाय बेटा तसं काय ध्यानात. पण ह्या ताई म्हणत्यात मी नव्हतो. त्या म्हणत्यात तर नसंन.”

वहिनी, मी ‘होता’ म्हटलं तेव्हा तो होता. आता मी म्हणते नव्हता, तर तो नव्हता. पुन्हा माझ्याच शब्दावर.

मी सगळं लिहून, सही करून त्यांना दिलंय. आधी एका वकिलाला विचारलं होतं. तो म्हणाला, शिक्षा भोगून झाली, आता यातून काय निघेल सांगता येत नाही, उलट तुम्हीच अडचणीत याल. तरी दिलं. कागद कडूबाईनं घेतला. सखारामनं त्याला हातही लावला नाही.

एक मागते. माझ्यासाठी नाही. तू एकदा जाशील का त्याच्याकडे? त्यानं हे माझ्याकडून ऐकून उपयोग नाही. आपल्या सगळ्यांत तुझेच शब्द कधी बदलले नाहीत.

दीपमाला


फुलंब्री
१८ मार्च

दीपमाला,

तुझी सगळी पत्रं वाचली. लिहायची सवय मला नाही. अंगणवाडीचे तक्ते भरते तेवढंच लिहिणं. म्हणून थोडक्यात.

रविवारी मी देवगावला जाऊन आले. एकटी गेले, तुला सोबत घ्यायचं नव्हतं.

सखारामनी मला लगेच ओळखलं. मला जे ठाऊक आहे तेवढंच मी त्यांना सांगितलं. धडक बसली तेव्हा कोण चालवत होतं ते मी पाहिलं नाही, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण तुम्ही मागच्या बाजूनं खाली उडी मारलीत ते मी पाहिलं. तुमच्या अंगावर खताची पांढरी पूड होती, ती यांना उचलताना यांच्या शर्टाला लागली. मग तुम्ही पुढं जाऊन बसलात आणि आम्हाला नेलंत.

ते ऐकत होते. कडूबाई म्हणाल्या, “मागच्या बाजूनं उतरला हे तवा का नाय बोललीस बाई?” मी म्हटलं, मला विचारलं ते फक्त एवढंच की ड्रायव्हरचा चेहरा पाहिला का. मी नाही म्हटलं आणि खाली बसले. बावीस वर्षांची होते. कोर्टात बाकी सगळे माझ्याकडे रागानं बघत होते. जास्त बोलायची हिंमत झाली नाही.

आणखी एक होतं. ते सांगायलाच मी गेले होते. यांना आत नेलं आणि डॉक्टरांनी चादर ओढली, तेव्हा दवाखान्याच्या दारात लोक सखारामना म्हणत होते, पळ, नाहीतर मार खाशील. ते निघालेही होते. मी त्यांचा हात धरला. तू बेशुद्ध पडली होतीस, घरचं कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, “भाऊ, जाऊ नका, मी एकटी आहे.” ते थांबले. पोलीस आले तेव्हा ते माझ्याजवळ बाकड्यावर बसलेले होते.

हे मी आजपर्यंत कुणाला बोलले नव्हते. माझ्या भावालाही नाही.

मला वाटलं होतं तेही त्यांना आठवत नसेल. ते शेळीच्या पाठीवर हात फिरवत बसले होते. म्हणाले, “पोत्याचं ध्यानात नाय ताई, खरंच नाय. पण तुमी हात धरला, तेवढं पक्कं हाय.” कडूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांनाही हे ठाऊक नव्हतं. त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मीही आता लिहून देणार आहे. मागच्या बाजूनं उडी मारल्याचं, आणि थांबवल्याचंही. वकिलाचं नाव कळव. त्यांच्या मुलीशी मी बोलले, ती पुढच्या रविवारी गावी येते म्हणाली. येईल का ठाऊक नाही.

तुझ्याशी कसं वागायचं ते माझं अजून ठरलेलं नाही. बॅगेचं मी विसरणार नाही. आत्याबाईंना माझं काही सांगू नकोस, त्यांना जे आठवतं ते आठवू दे.

तू लिहिलंस की माझे शब्द कधी बदलले नाहीत. बदलले नाहीत, दीपमाला. अर्धे मी बोललेच नव्हते.

निशा